दादाचं अर्धं राहिलेलं गाणं

कानाच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट बघत होतो. शेजारच्या बाई तिथे भेटलेल्या ओळखीच्या रेकॉर्डिस्टशी त्याच्या वादक मित्राबद्दल, दादाबद्दल, बोलत होत्या.

“दादाचं शेवटचं गाणं अर्धंच राहिलं ना?”

“हो, ताई. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी फंक म्युझिक वाजवलं, गाणी लिहिली, अल्बम काढले. हे पहिलंच स्वतःचं. कीबोर्डवर हात असतानाच गेला.”

“मग तुम्ही कान कशाला तपासताय?”

“रोज ते रेकॉर्डिंग लावतो तेव्हा गाणं थोडं पुढे गेलेलं असतं.”

“भलतंच! कुणीतरी वाजवत असेल.”

“स्टुडिओची किल्ली माझ्याकडेच असते. आणि डाव्या हाताची ती वाजवण्याची ढब दुसऱ्या कुणाची नाही, ताई.”

“पूर्ण झालं?”

“काल झालं.”

“सुटला बिचारा.”

“मलाही तसंच वाटलं. शेवटचा सूर विरला, आणि त्याचाच आवाज आला, ‘चल, पुढचं घेऊ.’”