गाडीत वाजलेला फोन

न्हाई न्हाई, बसा ना, ही जागा कुणाची न्हाई. आमचा शंतनु चहा सांगायला गेलाय हॉटेलात — मुलगा माझा. गाडी चार्ज व्हायला वेळच लागतो बाई, हे काय पेट्रोल थोडंच हाय. ती पांढरी तुमची का? चुडाव्याहून आलात व्हय. नवीनच दिसायली. मग एक सांगते, म्हातारी उगं शहाणपण शिकवायली म्हणू नका — गाडीत बसलं की फोन आपला आपण त्या पडद्याला जुळतो न्हवं, ते बंद करून ठेवा. का म्हणजे? फोन कुणाचा येईल अन् काय बोलेल, माणसाला आधी कळतं का? कळत न्हाई. अन् गाडीत सगळीच बसलेली असतात.

आता निघालाच विषय तर — आमच्या ह्यांचंच घ्या. दत्तोपंत नाव, जिंतूरला शाळेत शिकवायचे. कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून मशीन होतं कानात. मागच्या उन्हाळ्यात पोटात दुखायला लागलं, जेवण सुटलं, लय तपासण्या झाल्या. रिपोर्ट यायचा होता, अन् शंतनुनं डॉक्टरला सांगून ठेवलेलं — जे काय असंल ते माझ्याच फोनवर सांगा, घरी कुणाला न्हाई. पोराचा काय वाईट हेतू होता का? वडिलांच्या काळजीनंच केलं त्यानं. तेवढ्यात ह्यांनी धरलं, मला चारठाण्याला न्यायचं, जुनी देवळं बघायची. निघालो. ही गाडी तवा नवीन. रस्ता ह्यांना तोंडपाठ, पण शंतनुला नकाशा मोठ्या पडद्यावर बघायची हौस, फोन जुळलेलाच. तो पुढं, आमी दोघं मागं. जिंतूर सोडलं अन् रिंग वाजली. त्यानं उचलला — म्हणजे उचलायचं काय त्यात, स्टिअरिंगवर बोट लागलं असंल — अन् डॉक्टरचा आवाज भरून राहिला गाडीत. "शंतनु, रिपोर्ट आला. लिव्हरपर्यंत पसरलंय. ऑपरेशनचा उपयोग नाही. दिवाळी निघाली तरी पुष्कळ म्हणायचं. वडिलांना सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा."

असं. एका दमात. पोरगा बंद करायला पडद्यावर बोटं मारायलाय, त्याला ते लाल बटण सापडंना, नकाशाच मोठा व्हायलाय, एसी वाढायलाय, अन् डॉक्टर आपले बोलायलेच. एसटीत असतो तर निम्मं खडखडाटात गेलं असतं हो — ह्या गाडीला आवाज न्हाई ना. एक शब्द सुटला न्हाई.

मग गाडी कडंला घेतली त्यानं. अन् तो मागं वळायच्या आत — हे मी बघितलं, मी एकटीनं बघितलं — ह्यांनी कानातलं मशीन काढलं, सदऱ्याच्या खिशात टाकलं, डोकं काचेला टेकवलं अन् डोळे मिटले. इतक्या घाईनं हात चाललेला मी कधी बघितला नव्हता त्यांचा. शंतनु वळला. तोंड पांढरंफट्ट. "आई, बाबा झोपलेत का गं?" काय सांगणार मी? म्हणलं, "मघाच झोपले रे, मशीन बी काढलंय." पोरानं स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

तसंच गेलो चारठाण्याला. शंतनु गाडीपाशीच थांबला, कुणाला तरी फोन करायचाय म्हणला — रडायचं होतं त्याला. हे दगडी खांबावर हात ठेवून उभे. म्हणले, "कावेरी, त्याला कधी कळू द्यायचं न्हाई. बिमारी माझी, माझ्यासंगं जाईल. पण मी हे असं त्याच्या गाडीत ऐकलं, हे त्याच्या जिवाला हमेशा खात राहील." बास. पुन्हा त्यावर एक शब्द न्हाई.

मग सुरू झालं नाटक. शंतनु म्हणायचा, "बाबा, अल्सर हाय, गोळ्यांनी उतार पडेल." हे म्हणायचे, "हो का? बरं झालं." दोघं एकमेकाला जपायलेत, अन् मधी मी ताटं वाढायले. एकदा ह्यांनी त्याला हाक मारली — "शंतनु, बस जरा माझ्याजवळ." बसला तो. ह्यांच्या ओठावर आलेलं होतं हो, मला दिसायलं होतं ना! अन् काय विचारलं? "गाडीची हवा बघितली का टायरातली?" पोरगा म्हणला, बघितली. झालं, उठून गेला.

दिवाळी काढली त्यांनी. शेवटी दवाखान्यात शंतनु म्हणला, "बाबा, घरी गेल्यावर पुन्हा चारठाण्याला जाऊ." हे म्हणले, "जाऊ ना." तेच शेवटचं. मग मला सांगा, निरोप कुणी घेतला? कुणीच न्हाई. बापाला काय सांगायचं होतं, पोराला काय विचारायचं होतं — सगळं जागच्या जागी राहिलं. मला राग येतो बाई त्यांचा. गेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात, पण येतो. त्याला मोकळा केला अन् मला कोंडून गेले. परवा शंतनु म्हणतो, "आई, एवढं एक बरं झालं, बाबांना शेवटपर्यंत कळलं न्हाई. त्या दिवशी ते जागे असते तर मी जगलोच नसतो." मी काय म्हणले? हो म्हणले. भाजी करपायली म्हणून आत गेले. चुलीवर काईच नव्हतं.

सख्ख्या बहिणीला न्हाई सांगितलं हे मी. तुमाला कसं काय बोलून बसले? तुमचं नाव बी माहीत न्हाई, म्हणूनच असंल —

आला. आला बघा. डोळे पुसा बाई तुमचे, पुसा पटकन.

आण रे, इकडं दे कप. ह्या बाई चुडाव्याच्या हायत, नवीन गाडी घेतली त्यांनी, तेच विचारायले होते मी, किती चालते म्हणून. न्हाई रे, दुसरं काय बोलणार? ऊन लागलं असंल त्यांच्या डोळ्याला.

जा बाई तुमी आता. तुमची माणसं वाट बघायली असतील.