सैल खुंटीची धून

त्या दिवशी तिथं कोन कोन होतं ते पहिले लिहून घ्या, मंग बाकीचं सांगते. माझा नवरा पुंडलिक, बँडचा मास्तर, ट्रंपेट घेऊन सगळ्याइच्या समोर. त्याच्या बाजूले माझा दीर डोमा, क्लारनेटवर. रहमानचाचा ढोलावर. घोड्यावर नवरदेव, त्याचं नाव मले मालूम नाई. मी शेवंता, डोक्यावर वरातीची बत्ती घेऊन कडंकडंनं चालून राहिली होती. अन् वर गॅलरीत वासुदेव गुरुजी, एकटेच उभे. वऱ्हाडी लय होते, पन कामाचे बस एवढेच. नवरदेवाचं सोडलं तं त्यातले आता डोमा अन् मी राहिलो.

माहेर माझं रामटेककडचं, धानाचं गाव. शाळेत दुसरी झाली अन् मंग रोवन्याले जाऊ लागली. रोवताना बाया गानं म्हनत, अन् मी एकदा आयकलं की ते डोक्यात बसे, निघतच नसे, मले तेवढंच येत होतं, बाकी काई नाई. लग्न करून जरीपटका वस्तीच्या मांगं आली तं घरात पितळी बाजेच बाजे, खुंट्याइले टांगलेले, मी त्याइले चिंचेनं घासत बसायची. पन बँडचं काम लग्नाच्या सिझनपुरतं. बाकीचे महिने काय खाशीन? म्हनून महालात, तिकडल्या जुन्या वस्तीत, भांड्याचं काम धरलं, पायी जायची पायी यायची.

त्यातलं एक घर गुरुजीचं. एकटा जीव, बायको वारलेली, पोरगा पुन्याले. सकाळी ते सतार घेऊन बसत अन् रोज एकच गत वाजवत, त्याइचीच बनवलेली, दुसऱ्याले शिकवत नसत म्हनत. मी मांगं आंगनात भांडे घासून राहिली की आवाज येई. काय सांगू तुम्हाले, हात थांबे माझा. एकदा आतून म्हनाले, शेवंता, भांडी का थांबली? म्हनलं, तुमचं आयकून राहिली जी. तं हसले, म्हनाले, ऐक, पण राख वाळेल.

इकडं आमच्या घरी वेगळंच. गल्लीत पाच बँड, पाचही तेच सिनेमाचे गाने वाजवत. पुंडलिक म्हने, शेवंता, आपल्यापाशी एक तं असं पायजे जे कोनापाशी नाई. अन् मी म्हनून बसली, माझ्यापाशी हाय.

असं होते पाहा. कोनी मांगतलं नव्हतं, म्याच काढून देल्लं.

मंग रोज महालातून घरी येता येता ती गत मनात धरून आनायची, रस्त्यात कोनाशी बोलायची नाई. शेजारची म्हने, काहून वं, गर्व आला का? काय सांगू तिले, तोंड उघडलं तं सांडून जाईन. घरी आली की पुंडलिकले गुनगुनून दाखवायची. तो फुके, मी म्हनो असं नाई, गुरुजी तार बाजूले ओढते तं आवाज घसरत वर जाते, तुमचा बाजा तं पायऱ्या चढून राहिला. त्यानं महिना घातला त्याच्यात. बाजाच्या कळा अर्ध्याच दाबल्या तं आवाज घसरते, हे त्याले गवसलं. अन् सतारीचा आवाज तार छेडल्यावर हळूहळू मरते, बाजा तं फुक सरली की मेला. मंग पुंडलिकनं काय केलं, आपली फुक सराच्या आंधी डोमाले खालून हळूच सुरू कराले लावलं, म्हनजे आवाज मरून नाई राहिला असं वाटे. डोमा म्हने, दादा, हे वरात हाय का परीक्षा? दोन डाव भांडन झालं त्याइचं.

त्या गतीच्या मधात एक जागा होती. गुरुजी वाजवता वाजवता सूर एकदम खाली जाये, अन् मंग कुईं करून वर ओढल्या जाये. मले ती जागा लय आवडे. तशीच्या तशी नेली. पुंडलिकले ती जमता जमे ना, अन् जमली तं असा खूश झाला की जेवन सोडून चार डाव वाजवली. वरातीत ती जागा आली की नाचनारे थांबून आयकत. लोकं म्हनत, पुंडलिकची धून. तोही हो म्हने. म्या गुरुजीचं नाव घेतलं नाई.

मंग ती वरात. दिवस बुडून राहिला होता, बत्त्या नुकत्याच लावलेल्या. कोनत्या गल्लीतून जाचं ते आमच्या हातात थोडीच होतं. गुरुजीच्या घराखाली आलो अन् पुंडलिकनं तीच धरली. म्या वर पाह्यलं. गुरुजी कठड्याले हात लावून उभे. डोक्यावर बत्ती, माझं तोंड लख्ख दिसून राहिलं होतं, लपावं तरी कुठी? ती ओढायची जागा आली अन् गुरुजीनं माझ्याकडं पाह्यलं. समजलं त्याइले.

दुसऱ्या दिवशी तरी गुरुजीकडं भांड्याले गेली. म्हनाले, काल बत्ती तूच धरली होतीस ना? हो जी. म्हनाले, तुझ्या नवऱ्यानं फार कष्ट घेतलेत, ट्रंपेटवर मींड काढणं, सूर असा घसरवत नेणं, सोपं नाही. पण ती मधली ओढ माझी नाही गं. सतारीची ही खुंटी बघ. सैल झालीय, वाजवताना घसरते, तार उतरते, मग मी पिळून वर आणतो. ते गाणं नव्हे, ती दुरुस्ती आहे. अन् हसाले लागले, हसता हसता खोकला आला. म्हनाले, बाई, चोरलीस तर पूर्ण तरी चोरायचीस. पुढचा अर्धा भाग मी तू गेल्यावर वाजवतो. त्याला बाजा घेऊन पाठव, बसवून देतो.

रागावले असते तं बरं झालं असतं.

मी हो जी म्हनून घरी आली अन् पुंडलिकले सांगतलं नाई. आज सांगीन, उद्या सांगीन. त्यानं ज्या जागेसाठी महिना घातला ती सैल खुंटी हाय, हे कसं सांगू? डोमासमोर त्याची मान खाली गेली असती. अन् आमच्यासारख्याले महालात बोलावून उद्या चार लोकाइसमोर बोलले तं? असंही आलं मनात. तसं मानूस नव्हतं ते, मले मालूम होतं, तरी आलं.

गुरुजीनं तीन डाव विचारलं. आला नाही गं तुझा नवरा? म्हनलं, रामटेकले लग्न हाय जी. म्हनलं, ताप हाय. तिसऱ्या डावाले काय म्हनलं ते आठवतही नाई. मंग त्याइनं विचारनं सोडलं, अन् मी असतानी वाजवनंही सोडलं. मी भांडे घासो अन् घर गप. काही दिवसानं पोरगा येऊन पुन्याले घेऊन गेला, सतारही गेली. मंग ते वारल्याचं आयकलं.

पुंडलिक त्याच्यानंतर लय वर्षं जगला. दरवर्षी तीच धून, तीच ओढ, डोळे मिटून. तो गेला तं बँडवाल्याइनं मयतीत तीच वाजवली. ती जागा आली अन् मी हंबरडा फोडला. बाया म्हनत, रडू दे तिले, नवरा गेला. तेही होतंच. पन दोन मानसं एका बैठकीत बसले असते, एक सतार अन् एक बाजा घेऊन, ते माझ्यानं राहून गेलं, हे कोनाले सांगू?

आता डोमाचा पोरगा बँड चालवते. कळमन्यापासून रामटेकपर्यंत ती धून वाजते, मोबाईलवरही लोकं आयकते म्हने. अर्धीच वाजते.

तं हे वाचनाऱ्याले माझं एकच म्हननं हाय. तुमच्यापैकी कोनी महालात वासुदेव गुरुजीपाशी शिकलं असन, कोनी शेजारी राह्यलं असन, अन् पुढचा अर्धा भाग कानावर पडला असन, तं जरीपटक्याच्या मांगं येऊन डोमाले गुनगुनून दाखवा. त्याले दात नाईत, फुकता येत नाई, पन कान चांगले हायेत, पोराले शिकवीन. अन् वरातीत ती धून आयकली तं बाजूच्याले सांगा, हे गुरुजीचं हाय. फक्त ती मधली ओढ काढू नका. ती पुंडलिकची हाय, ती राहू द्या.