अर्ध्या डॉलरवरचं नाक

...नाही हो, नाही! शंभरदा सांगितलं, चांदीच्या नव्या अर्ध्या डॉलरवरची ती बाई माझी बायकोच आहे! म्हणजे... होती. सुरुवातीला होती!

तुम्हाला सांगतो, सोळा वर्षं टांकसाळीत ठसे कोरतोय मी. साहेब म्हणाले, "प्रुइट, स्वातंत्र्यदेवीचा नवा मुखडा हवाय." आता देवी आणू कुठून? घरी गेलो, लव्हिनियाला खिडकीशी बसवलं, डोक्यावर पानांचा मुकुट... कसला मुकुट, सेलरीच्या भाजीची जुडी! तीन आठवडे बिचारी मान ताठ धरून! पण खूश किती! खाटकापासून पाद्रीबाबांपर्यंत अख्ख्या फिलाडेल्फियाला सांगून आली, "बरं का, आता मी तुमच्या खिशात येणार!" आणि मला म्हणते, "अहो, एवढं करा, नाक माझंच ठेवा. आईकडून आलंय."

झालं! साहेबांनी भिंग लावलं. "प्रुइट, हे नाक फार वर येतंय. नाण्यावर नाणं रचलं की डुगडुगेल!" म्हटलं, साहेब, नाकाला हात लावू नका! कोण ऐकतंय? नाक चपटं केलं. मग वॉशिंग्टनहून पत्र... हनुवटी राणीसारखी दिसते, आपल्याकडे राणी चालत नाही! हनुवटी गोल केली. मग छापाच्या यंत्रावरचा ओब्रायन, "दादा, केस उमटत नाहीत, थोडे कमी करा की!" केस गेले. मागच्या बाजूला गरुडावर ढग होते, तेसुद्धा पुसले! असे अकरा बदल, आणि पुन्हा आले नाकावर! अहो, म्हटलं, नाकाला हात लावू नका!

नाणं निघालं. घरी नेलं. लव्हिनियानं चष्मा लावला, पाहिलं, आणि लालबुंद!

"ही तर समोरची हेस्टर!"

पाहतो तर काय... विधवा हेस्टर क्विम्बी, हुबेहूब! "अगं, शप्पथ सांगतो..."

"मला सेलरी बांधून बसवलंत, आणि मनात ती?"

तेवढ्यात दारात कोण? हेस्टरबाई! हातात सफरचंदाचा गोड पाई, गाल लाल. "मिस्टर प्रुइट, तुमच्या मनात असं काही असेल... मला कल्पनाच नव्हती हो!"

संपलं! लव्हिनियानं पेटी भरली, नदीपलीकडे कॅमडेनला बहिणीकडे! मी टांकसाळीत धावलो, "साहेब, नाकाला हात लावा! पाया पडतो!" साहेब म्हणतात, "आता? नवा कायदा आहे, प्रुइट. एकदा चलनात आलेला मुखडा पंचवीस वर्षं बदलता येत नाही."

अहो, अकरा वेळा बदललात ना! तेव्हा कुठं होता कायदा?

काय करणार... लव्हिनियाला सगळं सविस्तर कळवलं. कालच उत्तर आलं. एकच ओळ.

"ठीक आहे. पंचवीस वर्षांनी येते."