एकटं कुणी सापडेना

संशोधनाचं कौतुक मला सांगू नका. मी उमरग्यात मानसशास्त्र शिकवतो आणि माझी बढती पीएच.डी.वर अडलेली. विषय होता खेड्यातल्या म्हाताऱ्यांचा एकटेपणा. प्रश्नावली घेऊन जळकोटला गेलो. पहिल्याच आजींना विचारलं, "तुम्हाला एकटं वाटतं का?"

आजी म्हणाल्या, "सकाळधरनं सात बाया येऊन गेल्या. आता तुमी आलाव. जरा एकटं बसू द्या की."

गावभर फिरलो, पण सगळ्यांचं उत्तर तसंच. शेवटी गाईडना फोन लावला, "सर, इथं कुणीच एकटं नाही. आता काय करू?"

सर शांतपणे म्हणाले, "निष्कर्षाचं प्रकरण मी कधीच तपासून ठेवलंय. त्याला हात लावू नका. गाव बदला."