देश निवडा

…नाही, पण मला एक सांगा, मी काय जगावेगळं मागितलं होतं? मला वाटलं होतं, मी परत येईन आणि कामाला भिडेन! दुष्काळाचं वर्ष, विहिरींनी तळ गाठलेला, आणि मी कोण? हॉलंडात जाऊन जमिनीखालच्या पाण्याचं शिक्षण घेऊन आलेली! वाटलं होतं, वरच्या खोलीत टेबल मांडीन, आमच्या पिशोर गावच्या विहिरींत बसवलेले मीटर पाणी किती खाली गेलं ते मला कळवतील, मी ते तिकडच्या संस्थेला दाखवीन, तिकडचे लोक माना डोलावतील… असं वाटलं होतं हो! आणि सापडलं काय? जिना! एक साधा, सिमेंटचा, दोन वळणांचा जिना, ज्यावरून माणूस चढतो, मांजर चढतं, खालच्या गिरणीतलं पीठसुद्धा उडत उडत वर येतं, फक्त वायफाय तेवढं चढत नाही!

गिरणी म्हणजे आमचीच. गारखेड्यात खाली पिठाची गिरणी आणि वर आम्ही. माझे बाबा, कडूबा, पिशोरचं शेत भावावर सोपवून इथं आले तेव्हा आजूबाजूला नुसती ज्वारी होती म्हणे. आता काय आहे? इमारती! एकीचं नाव 'सरोवर हाइट्स', दुसरीचं 'लेक व्ह्यू', आणि दोन्हींच्या दारात टँकर! सरोवर कुठंय? फाटकावरच्या पाटीत! आणि नळाला पाणी किती दिवसांनी? ते विचारू नका, सांगणाऱ्यालाच माहीत नसतं.

तर तुम्हाला सांगते, माझं सगळं आयुष्य एका बुधवारावर टांगलेलं होतं. संस्थेनं स्पष्ट कळवलं होतं, बुधवारी दुपारी समितीसमोर तासभर, कुठंही न अडकता, विहिरींची पातळी पडद्यावर दाखव. दाखवलीस तर तिथंच, तुझ्या घरी राहून काम कर. अडकलीस तर परत हॉलंडला ये आणि इथल्या ऑफिसात बस! म्हणजे तिकडं बसून पिशोरच्या विहिरींची काळजी वाहायची! आईला हे कळलं. तिनं पदर खोचला आणि माझ्यासाठी वरची खोली रिकामी करून दिली.

आता मी आल्याबरोबर काय केलं? नियम वाचले! हसू नका. कुणीतरी वाचायला नकोत का? मी हॉलंडहून वायफायचा डबा आणला होता, चांगला, महागातला. पण वाचलं तर तो तिकडच्या नियमांना बांधलेला, आपल्याकडच्या मंजुरीची खूण त्यावर नाही! मी तो गुंडाळून कपाटात ठेवला. बाबा दळता दळता म्हणाले, "कामून ठेवला गं माय? चांगला हाय की."

"बाबा, इथं त्याला मंजुरी नाही."

"मग? कोण येतंय बघायला?"

हे! हेच ते वाक्य! या शहराच्या वेशीवर कोरून ठेवा! मी गिरणीच्या घरघरीत ओरडून समजावलं, अहो बाबा, हवा काही आपल्या घरची नाही, या लहरी सगळ्यांच्या असतात, ढग बघणारं रडारसुद्धा यातल्याच काही लहरींवर चालतं, आपण वाटेल तसा डबा लावला तर त्याला आभाळ नीट दिसणार नाही! बाबांनी चाळणीतला कोंडा झटकला, दारातून वर बघितलं आणि म्हणाले, "आभाळात काय ऱ्हायलंय त्याला बघायसारखं?"

आता यावर काय बोलणार? तरी मी बोलले. बराच वेळ बोलले. त्यांनी तेवढ्यात कुणाचं तरी बाजरीचं दळण उरकलं.

मग मी इथला, मंजुरीची खूण असलेला नवा डबा आणला. बसवायला हनुमान आला. हनुमान म्हणजे आमच्या कॉलनीचा केबलवाला, गळ्यात वायरचं भेंडोळं, कानात फोन, आणि चेहऱ्यावर असा भाव की इंटरनेट त्याच्या आजोळाहून येतं! तार गिरणीत आलेली, म्हणून डबाही गिरणीतच. मी म्हटलं, तार वर माझ्या खोलीत ने की! तर म्हणे, "सोमवारी येतो ना ताई." कुठल्या सोमवारी, ते त्यानं सांगितलं नाही. बरं, मोबाईलचं इंटरनेट म्हणाल, तर त्यासाठी आमच्याकडं गच्चीवरच्या टाकीवर चढावं लागतं, आणि उन्हात टाकीवर बसून समितीशी बोलायला मी काय कावळा आहे?

तर हनुमाननं डबा चालू केला. डब्यानं पडद्यावर विचारलं, देश निवडा. साधा प्रश्न! या माणसानं सर्रकन यादी खाली ओढली आणि टाकलं काय? अमेरिका!

मी किंचाळले, "अहो, हे काय केलंत?"

"अमेरिकाच टाकावं लागतं ताई. इंडिया टाकलं तं डबा हळू बोलतो. अमेरिका टाकली की असा बोंबलतो, लई रेंज! सगळ्या कॉलनीला आपण अमेरिकाच टाकलीया."

"पण आपण अमेरिकेत नाही आहोत!"

त्यानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की पोरगी शिकलेली दिसते, पण बिचारी… "व्हय ताई, पण कोण येतंय बघायला?"

कळतंय का तुम्हाला? मी समुद्र ओलांडून परत आले, आणि इथं घरोघरचा वायफाय मला न विचारता अमेरिकेत स्थायिक झालेला! पाळत कुणाची नाही, म्हणून अख्खी कॉलनी हवेतल्या हवेत परदेशी! मी हनुमानच्या हातातून लॅपटॉप ओढून घेतला, देश भारत टाकला, आवाज कायद्याएवढा ठेवला, गर्दी नसलेली वाट, म्हणजे चॅनल, निवडली, आणि त्यानं सगळ्या कॉलनीला लावतो तोच पासवर्ड, म्हणजे त्याचं स्वतःचं नाव, तो खोडून दुसरा टाकला. तो जाताना आईला दारात हळूच म्हणाला, "मावशी, ताईंना जरा आराम करू द्या."

आणि चाललं! तुम्हाला सांगते, असं चाललं! शनिवार, रविवार, सोमवार, वरच्या खोलीत विहिरी अशा दिसत होत्या जणू मी काठावर बसलेय! मी बाबांना म्हटलं, बघा, कायद्यात राहूनही होतं! आईला म्हटलं, बघ! समोरून जाणाऱ्या हनुमानला खिडकीतून हाक मारून म्हटलं, बघा! तो हसला आणि निघून गेला. सोमवारी येणार होता ना तो? तो हाच सोमवार होता!

मंगळवारी सकाळी नळाला पाणी आलं. पाणी आलं की आमच्याकडं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, आंघोळी अर्धवट, चहा अर्धवट, भांडण असेल तर तेही अर्धवट, सगळं टाकून माणसं पायपाला लटकतात. मीही लटकले. आणि दुपारी वर येऊन लॅपटॉप उघडला तर… विहिरी गायब! पडदा पांढरा! मधेच एक विहीर यायची, अर्धी दिसायची आणि बुडायची!

माझं डोकं सणकलं. मला माहीत होतं हे कोणाचं काम! शेजारचे अप्पाराव! कॉलनीचे अध्यक्ष, आमच्या भिंतीला भिंत. कुणाचा डबा किती बोंबलतो ते मी मोजून ठेवलं होतं, सगळ्यांत मोठा आवाज यांचा! गेले तडक. पाणी आलेलं असल्यामुळं अप्पारावांनी चक्क पूर्ण कप चहा दिला. मी लॅपटॉप पुढं धरला आणि म्हटलं, "काका, तुमचा वायफाय बेकायदेशीर आहे. तुम्ही अमेरिकेत आहात!"

अप्पारावांचा चेहरा खुलला हो! "काय सांगती! अगं, आमचा पोरगा विश्वजीतही तिकडंच हाय ना! ऐकलं का गं, आपण विश्वजीतपाशीच हावोत म्हनं!"

"काका, हा गुन्हा आहे!"

मग त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. खाली त्यांची मोटर थेट नळाला लावलेली, घूंऽऽ करून शेजारपाजारचं पाणी ओढत होती. "हे बघ बेटा, ही बी गुन्हाच हाय. तुमच्या जिन्याखाली बी हाय एक, बापाला इचार. इतकी वरसं झाली, कोण येतंय बघायला? आन् तू हवेचं घेऊन बसली?"

तरी मी हटले नाही! चहा संपवला आणि त्यांचा डबा भारतात आणूनच उठले! काका म्हणाले, "राहू दे, विश्वजीत रागवंल," पण मी ऐकते? धावत घरी आले, जिना चढले, लॅपटॉप उघडला… पांढरा. तसाच पांढरा!

मग मी डबा सुरू आहे ना ते बघायला खाली, लॅपटॉप घेऊन पुन्हा वर, असं करायला लागले. गिरणीत, उत्तम. पहिल्या पायरीवर, उत्तम. वळणावर गेले आणि मेलं! आणि वळणावर काय होतं? ड्रम! निळे, काळे, पत्र्याचे, भिंतीला लावून, छतापर्यंत रचलेले, आणि सकाळपासून काठोकाठ भरलेले! पाणी लहरी पिऊन टाकतं हो! शाळेतल्या पोरालाही सांगता येईल! शनिवारी ड्रम रिकामे होते, म्हणून चाललं. आज आमच्या जिन्यात तलाव उभा होता! आणि हे ड्रम आधी कुठं होते? वरच्या खोलीत. माझ्या खोलीत. आईनं खोली रिकामी करून दिली ती हीच!

मी आईला म्हटलं, "आई, उद्यापुरते हे ड्रम ओतून टाकू."

 आई म्हणाली, "तनू, तू पान्याचंच शिकाया गेली व्हतीस ना?"

"हो."

"मग तिथं पानी सांडायला शिकिवलं का?"

हलवायचे म्हटलं तर भरलेला ड्रम हलतो का? आणि हलवून ठेवायचा कुठं? पलंगाखाली कळशा, मोरीत बादल्या, बाल्कनीत टाकी! बाबांना म्हटलं, उद्या दुपारी तासभर गिरणी बंद ठेवा, मी खाली बसते. तर लग्नघरचं दळण येऊन पडलेलं, हळद गुरुवारी! "माय, शब्द दिलाय मी. नवरदेवाला काय कोंडा चारू?" संध्याकाळी हनुमानला बोलावलं, म्हटलं आत्ताच्या आत्ता तार ओढ. त्यानं ड्रमच्या भिंतीकडं बघितलं, वर बघितलं, खाली बघितलं. "ह्याच्यातून वायर घालायची तं पैले हे उपसावं लागतंय ताई. पण अमेरिका टाका ना. अमेरिकेला ड्रमचं काय नाय."

त्यानं तिथल्या तिथं करून दाखवलं. एक बोट! आणि वरून आई ओरडली, "दिसू लागल्या गं हिरी! समद्या दिसू लागल्या!" मी तेवढ्याच वेगानं पुन्हा भारत केला. विहिरी बुडाल्या. आई वरच्या पायरीवर आली, हातात लॅपटॉप धरून, आरतीचं ताट धरावं तसा.  बाबा गिरणीचा पट्टा बंद करून उभे. ते काही म्हणाले नाहीत. नेहमीचं वाक्य तरी म्हणावं ना माणसानं! ते म्हणाले असते तर मी भांडले असते, कायदा सांगितला असता, रडार सांगितलं असतं! पण नाही. आईनं फक्त विचारलं, "तिकडं गेलीस तं आता किती वरसांनी येशील?"

मी जेवले नाही. तत्त्व म्हणून! कुणाच्या लक्षातही आलं नाही, सगळे लग्नघरचे गहू निवडायला बसले होते. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय? हेच! हेच म्हणतात सगळे! मोटर लावताना एवढंसं, ज्वारीच्या रानात मजले चढवताना एवढंसं, आणि अशा एवढ्याशा एवढ्याशानं विहीर आटते! मी हे पडल्या पडल्या मोठ्यानं म्हणत होते. भिंतीपलीकडून अप्पाराव म्हणाले, "बेटा, झोप आता."

बुधवारी सकाळी उठले, तोंडही धुतलं नाही, तडक खाली गेले. डब्यावर बोटभर पीठ साचलेलं, ते फुंकलं. यादी खाली ओढली. डब्यानं शेवटचं विचारलं, आपण निवडलेल्या देशातच आहात याची खात्री आहे ना? बाबांनी गिरणी सुरू केली, जिन्यात आई ड्रमवर झाकणं बसवत होती, बाहेर टँकरचा भोंगा वाजत होता, आणि मी 'हो' दाबलं.

काय करणार हो? मला इथं राहायचं होतं. मग घरातून दुसऱ्या कुणाला तरी अमेरिकेला पाठवणं भागच होतं ना!