नांदूरघाटची चाल

चौसाळ्याच्या स्टँडवर बीडची गाडी काही येईना. कंप्युटरच्या क्लासला निघालेल्या दोघी पोरी बाकावर बसल्या होत्या आणि नांदूरघाटच्या उमाबाईंचे कान त्यांच्याकडंच लागले होते.

“ज्योत्स्ना, त्या गेममधी जग जिंकलीस का न्हाई?”

“रोम घेतलं, चीन घेतलं. दोनच शहरं राहिलीत.”

“आन् सगळे हसत व्हते तुला! फौज सोडून कालवे खोदत बसली म्हणून.”

“पाण्याबिगर गाव वसवायला मन धजना, रोहिणी. क्लासातल्या प्रवीणनं लई फौज काढली, पण त्याच्या गावात उपासमार झाली. माझी कोठारं भरलेली. वेढा घालून घालून तोच थकला.”

“घाई लई करावी लागत आसंल.”

“छ्या! आपली चाल आसली की सारं जग थांबतं. निवांत इचार करायचा.”

“राजधानी कोणती तुझी?”

“नांदूरघाट. आजोळ हाय माझं.”

आता मात्र उमाबाईंना राहवेना.

“पोरीनो, तुमच्या क्लासात दहावी झालेल्या पोरीला घेतेत का? माझी नात हाय, शिवांजली.”

“घेतेत की, मावशी. पाठवा.”

“मग मी आजच येते तुमच्यासंगं, सरांना इचारायला.”

“आज बीडला दुसरं काम आसंल ना तुमचं?”

“तिच्यासाठी स्थळ आलंय. पोराकडचे वाट बघायलेत, मी होकार कळवायला निघाले व्हते.”

“आन् मग त्यांचं?”

“थांबतेत की! चाल आमची हाय.”