आभाळाची राखण

आमच्या मामंजींनी देशाचं आभाळ राखलं, दादा. हे मी म्हणत नाय, माईकवर म्हणले व्हते, आख्ख्या गावासमोर, आन् टाळ्या बी लई पडल्या. आता देशाचं आभाळ केवढं ते तुमाला ठाऊक, शिकलेली माणसं तुमी. मामंजी राखत व्हते ते आमच्या विहिरीपासनं नदीकडच्या उसापर्यंतचं, आन् ते बी खाली माझ्या कोंबड्या व्हत्या म्हणून. कोंबड्या नसत्या तर वर बघायला कुणाला येळ व्हता.

पयल्यापासून सांगते. माझं माहेर पिंपरी पेंढार, तिकडं जुन्नर तालुक्यात, आन् मला दिली हिकडं आंबेगावात, निरगुडसरला. घरात माणसं तीनच, मी, मालक आन् मामंजी, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या व्हत्या. मालक टेम्पोवर, मंचरच्या मार्केटला तरकारी न्यायची, पहाटं गेला माणूस की दुपार टळल्यावर घरी. म्हणजे दिवसभर घरात मी आन् मामंजी. सासरा म्हणजे मामंजी, आमच्यात तसंच म्हणतात, तुमी बी म्हणत असाल.

मामंजी म्हणजे राखणदार. सगळ्या शिवारात त्यांच्यासारखी राखण कुणाची नाय असं जुनी माणसं सांगायची. तवा ज्वारी-बाजरी व्हती, कणीस भरलं की पाखरं उतरायची, मंग चार मेढी रोवून वर फळ्या टाकून माळा करायचा, त्याच्यावर उभं राहून गोफण फिरवायची आन् हाळी द्यायची, हुर्रर्रर्र हाऽऽ, अशी. नदीपल्याडचं पाखरू उठायचं म्हणे त्या हाळीनं. लोक त्यांना आपल्या वावरात बोलवून न्यायचे. पण मी आले तवर ज्वारी गेली आन् ऊस आला, आन् उसाला काय राखण लागत नाय, उसाला पाखरू काय करणार. तर माळा तसाच उभा विहिरीजवळ आन् मामंजी तसेच बसलेले ओट्यावर. जवळचं दिसायचं नाय त्यांना, ताटात भाजी कोणती ते विचारायचे, समोर मालक उभे राहिले तरी कोण हाय रं म्हणायचे, पण लांबचं, काय सांगू तुमाला, पल्याडच्या टेकडीवर गाय हाय का म्हैस ते सांगायचे. म्हातारपणी डोळं लांब गेलं, जवळ काय कामाचं उरलं नाय म्हणून गेलं असंल.

मंग मी पोल्ट्री घातली. त्या येळेला सगळीकडं शेड उठत व्हते, कंपनी पिल्लं देती, खाद्य देती, औषध देती, आपण शेड बांधायचं आन् पिल्लं वाढवून परत द्यायची. मालक म्हणले तुला जमणार नाय, मी म्हणलं टेम्पो तुमाला जमला तर मला कोंबड्या जमतील. शेड झालं, खाली तूस पसरलं, पिल्लं आली. पयली बॅच चांगली गेली. दुसऱ्या बॅचला विमानं आली.

तशी विमानं आमच्याकडं नवी नाय, पुण्याला विमानतळ हाय लष्कराचं, पण ती लांबनं वरनं जायची. ही खालनं. नदीच्या अंगानं यायची, नारळाच्या झाडाला शिवतील का काय अशी, एकामागं एक दोन. आवाज असा की दूध काढत असलं तर म्हैस लाथ मारणार, आन् ती दिसायच्या आधी आवाज येत नाय हे लई वाईट. विमान डोक्यावरनं गेलं की मंग आवाज. माणसाचं ठीक हाय, माणूस शिव्या देतो आन् कामाला लागतो. कोंबडी शिव्या देत नाय, कोंबडी कोपऱ्यात पळती. एक पळाली की सगळ्या पळतात, एकीवर एक, ढीग होतो, आन् खालच्या गुदमरून मरतात. अंगाला जखम नाय, काय नाय. मी ढिगात हात घालून उपसायचे आन् खालच्या गरमच असायच्या, पण मेलेल्या. मर म्हणतात त्याला, पोल्ट्रीत. मर किती आली, हाच पयला प्रश्न असतो, घरची माणसं कशी हाईत ते नंतर.

कंपनीचा सुपरवायझर यायचा मोटारसायकलवर, चांगला पोरगा, मला वहिनी म्हणायचा. तो म्हणला वहिनी, अशी मर राहिली तर पुढची पिल्लं ऑफिस देणार नाय, माझ्या हातात नाय ते. मी म्हणलं विमानाला मी काय करू, वर जाऊन धरू का. तो म्हणला ऑफिसला विमान कळत नाय, मर कळती. शेड बांधलेलं, त्याच्यात पिल्लं नसली तर काय त्याच्यात आमी राहायचं का.

हे सगळं मामंजी ओट्यावरनं ऐकत व्हते. दुसऱ्या दिवशी बघते तर म्हातारा माळ्यावर. शिडी कवा लावली, कसे चढले, मला पत्ता नाय. मी म्हणलं मामंजी खाली उतरा, पडाल. ते म्हणले सूनबाई, नदीपल्याड बाई धुणं आपटती तवा हात आधी दिसतो का धप आधी ऐकू येतं. म्हणलं हात दिसतो. मंग झालं, म्हणले, कानाचं काम नाय हे, डोळ्याचं हाय. आन् खरंच, दादा, त्यांना दिसायची. ते सांगायचे, आधी उसातले बगळे उठतात, मंग एक ठिपका दिसतो, पंख हलवत नाय आन् जाग्यावरच मोठा होत जातो. घार गोल फिरती, बगळा पंख मारतो, जे काहीच करत नाय आन् वाढतं ते विमान. पयल्या दिवशी तर गोफण घेऊन गेले व्हते वर. विमान आलं तसा दगड मारला. मालक संध्याकाळी म्हणले, लागला का. मामंजी म्हणले, थोडक्यात चुकला.

आता ठरलं असं की मामंजींनी विमान बघितलं की हाळी द्यायची आन् मी शेडमधी पळत जाऊन कोपरे अडवायचे, ढीग होऊ द्यायचा नाय. झकास वाटलं आमाला. मामंजी द्यायचे हाळी, मी पळायचे, आन् मी पोचते तवर ढीग झालेला. रोज तेच. मी म्हणायचे माझेच पाय कमी पडतात. मालक म्हणायचे बाबा उशिरा बघत असतील. मामंजी दुसऱ्या दिवशी अजून लवकर चढायचे माळ्यावर, भाकरी बी वरच खायचे.

एक दिवस त्यांनी हाळी दिली, मी पळाले, ढीग उपसला, आन् विमान आलंच नाय. लांबनंच वळून गेलं व्हतं कुठं तरी. आवाज नाय, सावली नाय, आन् कोंबड्या मेलेल्या. मी हातात मेलेलं पाखरू धरून दारात उभी, मामंजी माळ्यावर उभे, आन् दोघांना एकदमच कळलं. अहो ती हाळी कशाची, पाखरं उठवायची! जलमभर ज्या हाळीनं पाखरं भेदरवली तीच आमी कोंबड्यांना देत व्हतो, आन् कोंबडी बी पाखरूच की! घरात तिघं जण, एकाच्या बी ध्यानात आलं नाय. विमानानं कमी मारल्या असतील, आमच्या राखणीनंच जास्ती.

मामंजी उतरले. शिडी काढून भिंतीला आडवी टाकली. जेवले नाय. मी म्हणलं चुकतं माणसाचं, ते म्हणले सूनबाई, माझ्यापाशी एवढं एकच व्हतं. तेवढंच बोलले आन् गोधडी ओढून पडले. मला कोंबड्यांचं वाईट वाटलं नाय तेवढं त्याचं वाटलं.

मला रातभर काय झोप नाय असं मी सांगणार नाय, झोपले मी, दमलेली असायचे. सकाळी खाद्य घालायला गेले तर डब्यावर माझं मापटं वाजलं तशा सगळ्या कोंबड्या शेडभर पांगल्या, ज्याच्या त्याच्या भांड्याकडं. भांड्यात आधीचं खाद्य हाय तरी पळाल्या, माणसासारखंच, पंगतीत वाढपी दिसला की ताट पुढं. भांडी शेडभर टांगलेली, म्हणजे पांगल्या की ढीग नाय. तिथनं तशीच मामंजींकडं गेले, म्हणलं चढा वर, पण तोंडातनं आवाज काढायचा नाय, उपरणं हलवायचं, डबा मी वाजवते. ते म्हणले, मुक्यानं राखण? म्हणलं व्हय. गोधडी बाजूला सारली, उपरणं खांद्यावर टाकलं. मंग म्हणले, शिडी धर.

तिथनं पुढं बघा, आमची गाडी रुळाला लागली. वर उपरणं हललं की खाली डबा, डबा वाजला की कोंबड्या भांड्यावर, विमान डोक्यावरनं गेलं की जागच्या जागी उड्या मारायच्या आन् परत चोच खाली. नवीन बॅच आली की पयल्या दिवसापासून डब्याची सवय लावायची. पण त्या म्हाताऱ्याचं सांगते तुमाला, विमान दिसलं की त्यांचं तोंड उघडायचं, नरड्याची शीर फुगायची, आन् आवाज गिळायचे. मी खालनं बघायचे. जलमाची सवय ती. एकदा बी हाळी दिली नाय त्यांनी. आन् आमाला सगळं कळायला लागलं, सकाळी कवा येतात, ढगाळ असलं तर येत नाय, रविवारी तर नायच नाय. लष्कराला रविवारी सुट्टी असती हे आमाला मामंजींनी सांगितलं, रविवारी ते बी माळ्यावर चढायचे नाय, दाढी करायचे.

मंग ते कारगिलचं आलं. टीव्हीवर रोज लढाई, गावात पोरं झेंडे लावून मोटारसायकली फिरवायची, आन् विमानं बी वाढली. कुणी तरी गावात बोललं की म्हातारा माळ्यावरनं विमानं वळखतो. बोलता बोलता ते तालुक्याच्या पुढाऱ्यापर्यंत गेलं, आन् तिथं पोचेपर्यंत ती विमानं शत्रूची झाली व्हती. ठरलं की सत्कार करायचा, आन् आमच्याच वावरात, कारण फोटोत माळा पायजे. मामंजी म्हणले कशाला. पुढाऱ्याचा माणूस म्हणला, बाबा, देशासाठी. मी म्हणलं, करा, पण फटाके नको, शेडमधी शेवटच्या आठवड्याची बॅच हाय. तो म्हणला ताई, आमाला काय कळत नाय का.

मांडव घातला, माईक आला, मी आवाज बारीक ठेवायला लावला. मामंजींना खुर्ची, शाल, नारळ आन् एक सन्मानचिन्ह, काचेवर विमान बसवलेलं. मामंजींनी ते लांब धरून बघितलं, जवळचं दिसत नाय ना, आन् मला म्हणले, सूनबाई, ह्याला खिडक्या हाईत, हे माणसं न्यायचं हाय. भाषण झालं. त्यात ते आभाळ राखल्याचं आलं, सीमेवर जवान आन् माळ्यावर बाबा असं बी आलं. मंग म्हणले बाबांनी दोन शब्द बोलावं. मामंजी उठले, माईक हातानं बाजूला केला, म्हणले, कोंबड्या दचकतात म्हणून बघतो. लोकांना वाटलं नम्रपणा हाय. लई टाळ्या.

टाळ्या चालल्या असताना मामंजी उभे ते बसलेच नाय. लांबचं बघत व्हते, शेडकडं. गळ्यातली शाल ओढली आन् डोक्यावर गरगर हलवायला लागले. पुढाऱ्यानं बी हात वर करून हलवला, फोटोवाला पुढं पळाला, माणसं उभी राहून घोषणा द्यायला लागली. मलाच तेवढं कळलं की ही राखण हाय. हातातला चहाचा ट्रे टाकून पळाले. शेडच्या जाळीला पोरांनी फटाक्यांची माळ टांगली व्हती, लांबलचक, आन् काडी लावून झाली व्हती. डबा वाजवला मी, दादा, हात सोलवटेपर्यंत वाजवला. पण विमान एकदा येतं आन् जातं. माळ संपतच नाय.

मामंजी आले, शालीसकट ढिगात हात घातले, आमी दोघांनी उपसल्या. जितक्या निघाल्या तितक्या निघाल्या.

सुपरवायझर आला, त्यानं मर बघितली, डोक्याला हात लावला. म्हणला, वहिनी, सत्कारानं मेल्या असं मी ऑफिसला कसं सांगू, विमानानं मेल्या सांगतो, लढाईचे दिवस हाईत, ऑफिस बी एका बॅचला देशासाठी म्हणून सोडून देईल, नायतर पिल्लं बंद. मी लगेच व्हय म्हणले. मामंजी म्हणले नाय. मी डोळे मोठे केले, पण जवळचं त्यांना कुठं दिसतंय. म्हणले, मी असताना विमान आलं आन् कोंबड्या मेल्या, म्हणजे माझी राखण चुकली व्हय? सुपरवायझर म्हणला, बाबा, पिल्लं जातील. मामंजी म्हणले, जाऊ दे. मालक कपाळाला हात लावून बसले. तो पोरगा तसाच गेला. काय सांगितलं त्यानं ऑफिसात ते मी विचारलं नाय, त्यानं सांगितलं नाय, पण पुढची पिल्लं आली. मामंजींना मी म्हणलं, खरं सांगितलं बघा त्यानं. ते म्हणले, सांगणारच.

आता मामंजी नाय. गेले, शांतपणानं गेले, ओट्यावरच. माळा सडला, काढला. विमानं आता वरनंच जातात, खालनं कधीमधी. शेड चालू हाय, डब्याची सवय मी अजून लावते पिल्लांना, ती मोडवत नाय. ती सत्काराची शाल बी हाय, उपरण्यापेक्षा लांबनं दिसायची म्हणून मामंजी पुढं तीच हलवायचे, आता थंडीत पिल्लांच्या बाजूच्या जाळीला लावते. ज्यांनी माळ टांगली ती पोरं आता बाप्ये झालीत, भेटली की वाकून नमस्कार करतात, सुखी राहू देत. आन् गावात अजून सांगतात की बाबांच्या सत्काराला विमान आलं, सलामी द्यायला, अगदी खालनं, त्या आवाजानं आमच्या कोंबड्या मेल्या. मी ऐकून घेते.

त्या दिवशी रविवार व्हता.